दाढ काढली, पण खड्डा भरतच नाही

प्रश्न : वडिलांना मधुमेह आहे. वरची दाढ काढून दीड महिना झाला, तरी खड्ड्यात पिवळट हाड उघडं दिसतं आणि शेजारचे तीन दात हलू लागलेत. अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले. डॉक्टर आता बुरशीची शंका घेऊन बायोप्सी सुचवतात. हाडाला बुरशी लागते का? नुसत्या गोळ्यांनी भागणार नाही का?

उत्तर : लागते, पण क्वचित. डॉक्टरांची शंका रास्त आहे, बायोप्सी लांबवू नका. अशा वेळी पहिला संशय म्युकर (‘काळी बुरशी’ म्हणतात ती) या बुरशीचा, मग ॲस्परजिलस या दुसऱ्या बुरशीचा. म्युकर रक्तवाहिन्यांत शिरते, तिथे गुठळ्या होतात आणि रक्त न मिळाल्याने हाड मरतं. मेलेल्या हाडापर्यंत औषध पोचत नाही, म्हणून गोळ्यांनी भागत नाही. रक्त येणारं निरोगी हाड लागेपर्यंत शस्त्रक्रियेने खरवडावं लागतं. वरचा जबडा सायनसला लागून असल्याने हा आजार बहुधा तिथेच दिसतो.

बायोप्सीत एक चूक वारंवार होते : सगळा तुकडा फॉर्मालिनमध्ये (नमुना टिकवणाऱ्या द्रावात) जातो. फॉर्मालिनमध्ये बुरशी मरते आणि कल्चर, म्हणजे बुरशी वाढवून ओळखण्याची चाचणी, वाया जातं. दोन तुकडे घ्यायला सांगा. एक फॉर्मालिनमध्ये, दुसरा निर्जंतुक सलाईनमध्ये. दुसऱ्याच्या चिठ्ठीवर ‘म्युकरची शंका, तुकडा कुटू नये’ असं लिहायला हवं, कारण कुटल्यावर म्युकरचे नाजूक तंतू तुटून मरतात. केओएच तपासणीचा (पोटॅशियम हायड्रॉक्साइड घालून सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी पाहण्याचा) अहवाल सहसा त्याच दिवशी मिळतो. रुंद, जवळपास बिनपडद्याचे (आत आडव्या भिंती नसलेले) तंतू दिसले तर म्युकर. बारीक, पडदे असलेले, तिरक्या कोनात फुटणारे दिसले तर बहुधा ॲस्परजिलस.

हा फरक महत्त्वाचा, कारण ॲस्परजिलसवर चालणारं व्होरिकोनॅझोल हे औषध म्युकरवर निरुपयोगी आहे. म्युकरला लायपोसोमल ॲम्फोटेरिसिन हे शिरेतून द्यायचं औषध लागतं, किलोमागे रोज किमान ५ मिलिग्रॅम. ६० किलो वजनाला ३०० मिलिग्रॅम, म्हणजे ५० मिलिग्रॅमच्या सहा बाटल्या. ते ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्येच मिसळतात, सलाईनमध्ये त्याचा साका होतो. डेक्स्ट्रोजमुळे साखर चढते, तेव्हा इन्सुलिनचं प्रमाण पुन्हा बसवावं लागतं. रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारं) आणि पोटॅशियम वरचेवर तपासायला हवं. पुढे पोसाकोनॅझोल या बुरशीविरोधी औषधाच्या गोळ्या : पहिल्या दिवशी ३०० मिलिग्रॅम दोनदा, नंतर रोज एकदा, जेवणासोबत, न चुरता. त्या बहुधा काही महिने चालतात.

गाल बधिर झाला, टाळूवर काळा डाग आला, डोळा सुजला किंवा एकाचे दोन दिसू लागले, तर ठरलेल्या तारखेची वाट पाहू नका. त्याच दिवशी रुग्णालय गाठा.