जुना डेस्कटॉप गेम लावला की रीस्टार्ट होतो, घड्याळही मागे जातं. काय बदलू?

हे दोन वेगळे बिघाड आहेत. घड्याळाचं सोपं आहे: मदरबोर्डवरचा (मुख्य सर्किट बोर्डवरचा) सीआर२०३२ हा नाण्यासारखा गोल सेल संपलाय, नवा टाका.

रीस्टार्टसाठी विंडोज पुन्हा टाकत बसू नका. गेम चालू असताना प्रोसेसरचं तापमान बघा. ९५ अंशांच्या पुढे जात असेल तर हीटसिंकची (प्रोसेसरवरच्या, उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाची) धूळ काढा, त्याच्या आणि प्रोसेसरच्या मधली वाळलेली थर्मल पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून वाटाण्याएवढी नवी लावा. तापमान ठीक असेल तर संशय एसएमपीएसवर, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्यावर. गेमचा लोड असताना त्याच्या पिवळ्या वायरवर मल्टिमीटरने ११.४ ते १२.६ व्होल्ट मिळायला हवेत. कमी भरले तर तो बदलाच. उघडू मात्र नका, आतले कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) प्लग काढल्यावरही झटका देतात. मदरबोर्डवरचे कपॅसिटर वरून फुगलेले दिसले, तर मात्र दोष बोर्डाचाच धरा.