गोगलगायी, तंबाखूचे पाणी आणि घरातला कुत्रा

ताई, कोल्हापूरच्या फुलेवाडीतल्या तुमच्या परसबागेतली मेथी आणि झेंडूची रोपे गोगलगायींनी एका रात्रीत फस्त केली, आणि घरात दोन वर्षांचा लॅब्राडोर व मांजर असल्यामुळे विषारी गोळ्या न टाकता काही नैसर्गिक उपाय हवा आहे, असे तुम्ही लिहिले आहे. ते वाचताना चार वर्षांपूर्वीचा आमच्या घरचा पावसाळा डोळ्यांसमोर उभा राहिला. तुमच्या प्रश्नाखाली एका सदस्यांनी तंबाखू रात्रभर भिजवून ते पाणी कोंड्यात कालवून ठेवावे किंवा फवारावे, असे सुचवले आहे. त्यांचा हेतू चांगलाच आहे. पण तुमच्या घरात कुत्रा आहे, म्हणून कळकळीने सांगतो की तो उपाय कृपया करू नका. हीच चूक मी केली होती आणि ती आम्हाला फार महागात पडली.

आधीच स्पष्ट करतो की मी शेतीतज्ज्ञ नाही आणि पशुवैद्यकही नाही. कळंब्याच्या बाजूला आमचे घर आहे, मागे दोन-अडीच गुंठ्यांची बाग आहे आणि काळू नावाचा गावठी कुत्रा आहे. पुढे लिहिले आहे ते एवढ्या अनुभवावर लिहिले आहे.

त्या वर्षी वळवाचे दोन पाऊस झाले आणि शंखाएवढ्या मोठ्या आफ्रिकन गोगलगायी भिंतीवर दिसू लागल्या. जूनअखेर पालक, घेवड्याचे वेल आणि पपईची रोपे गेली. मी एका सरकारी कार्यालयात गेलो. तिथे आधी सातबारा मागितला आणि घरामागची बाग आहे म्हटल्यावर ‘ते आमच्याकडे येत नाही’ एवढेच उत्तर मिळाले. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत या गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपे खाऊन शेतकऱ्यांना दुबार पेरणीची वेळ आणली, हे सर्वांनी वाचले आहे. मग त्यांची पैदास होते त्या गावातल्या, उपनगरांतल्या बागा कोणाच्याच कक्षेत का येत नाहीत, हे मला आजही समजलेले नाही. निघताना माझ्या हातात एक पत्रक देण्यात आले. त्यात कोंडा, गूळ आणि कीटकनाशक एकत्र करून आमिष ठेवण्याची कृती होती; घरात कुत्री-मांजरे असतील तर काय करावे, याबद्दल एक ओळही नव्हती.

कीटकनाशक नको म्हणून मी त्या जागी तंबाखू घातली. निपाणी आपल्याला जवळ, तंबाखूचा चुरा सहज मिळतो, झाडाचेच पान आहे, मग त्याने काय होणार, असा माझा समज होता. भाताचा कोंडा, काकवी आणि रात्रभर भिजवलेल्या तंबाखूचे चोथ्यासकट पाणी असे कालवून तीन परळांत भरले आणि केळीच्या बुंध्याशी व अळवाच्या वाफ्यात ठेवले. काकवीचा वास गोगलगायींना ओढतो, तसाच तो कुत्र्यालाही ओढतो, हे माझ्या मनातही आले नाही.

रात्री साडेनऊच्या सुमारास काळू मागच्या दारात येऊन उभा राहिला. तोंडातून लाळेची तार जमिनीपर्यंत लोंबत होती. तो ओकला, त्यात कोंडा होता आणि कोंड्यात तपकिरी पानांचे तुकडे होते. पाच-दहा मिनिटांत त्याचे मागचे पाय थरथरू लागले आणि उभे राहता येईना. डॉक्टरांकडे पोहोचलो तेव्हा त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, ‘काय खाल्ले आहे?’ आणि मी म्हणालो, ‘विषारी काही नाही, नैसर्गिक औषध होते.’ माझ्या पूर्ण प्रकरणातली सर्वांत मोठी चूक हे वाक्य आहे. त्यांनी उंदराच्या औषधाबद्दल विचारले, फवारणीबद्दल विचारले, मी सगळ्याला नाही म्हणत राहिलो, आणि या प्रश्नोत्तरांत जवळजवळ वीस मिनिटे गेल्यावर माझ्या पत्नीने ‘त्यात तंबाखू होती’ हे सांगितले. डॉक्टरांचा चेहरा बदलला. निकोटीन कुत्र्याच्या अंगात फार वेगाने भिनते, पाऊण-एक तासाच्या आत लाळ, उलटी, थरथर सुरू होते आणि मात्रा जास्त असेल तर झटके येऊन श्वास बंद पडतो, हे त्यांनी सलाइन लावता लावता सांगितले. काळूने बरेचसे स्वतःच ओकून टाकले होते, म्हणून तो वाचला. ती वीस मिनिटे मात्र मी विसरू शकत नाही.

म्हणून माझे ठाम मत असे झाले आहे की घरात जनावर असेल तर उपाय नैसर्गिक आहे की नाही हे न विचारता, ‘हे कुत्र्याने खाल्ले, चाटले किंवा यावर पाय दिला तर काय होईल’ एवढेच विचारावे. याच कसोटीवर समाजमाध्यमांतले बरेचसे उपाय बाद होतात. चुनकळीची रेघ ओलाव्याने पंजे भाजते. मिठाची रेघ कोल्हापूरच्या पावसात तासाभरात वाहून जाते, माती मात्र खराब करून जाते. कॉफीचा चोथा आणि बिअरची वाटी हे दोन्ही कुत्र्यासाठी अपायकारकच आहेत. बाजारात मिळणाऱ्या मेटाल्डिहाइडच्या गोळ्या तुम्ही टाळता आहात ते योग्यच आहे. त्यांत कोंड्यासारखे खाद्य असल्याने कुत्री त्या आवडीने खातात. लोह फॉस्फेटच्या गोळ्या त्यामानाने पुष्कळ सौम्य समजल्या जातात, परंतु लॅब्राडोर समोर येईल ते खातो आणि पोटात फार लोह जाणेही चांगले नाही. निदान मी तरी त्या ठेवणार नाही. अंड्याच्या टरफलांबद्दल नेहमी लिहिले जाते. इंग्लंडच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने २०१८ मध्ये टरफले, तांब्याची पट्टी, खडी यांसारखे अडथळे प्रत्यक्ष लावून पाहिले, तेव्हा रोपांच्या नुकसानीत फरक आढळला नाही. माझा अनुभवही तोच आहे. टरफले खतात घालावीत.

आमच्याकडे खरोखर उपयोगी पडले ते बारदान, बॅटरी आणि चिकाटी. जुनी बारदाने गुळाच्या पाण्यात भिजवून, पिळून, संध्याकाळी वाफ्यांच्या कडेला आणि केळीखाली पसरावीत. यात विष काहीच नसल्यामुळे कुत्र्याने चाटले तरी बिघडत नाही. गोगलगायी रात्री बाहेर पडतात आणि उजाडण्याआधी ओलसर अंधारी जागा शोधतात, म्हणून पहाटे बारदान उलटले की खालच्या बाजूला त्या चिकटलेल्या सापडतात. कुत्र्याला बागेत सोडण्यापूर्वी हे काम उरकावे. शिवाय रात्री नऊनंतर बॅटरी घेऊन एक फेरी मारावी. पहिल्या आठवड्यात आम्ही रोज ४०-५० गोगलगायी वेचल्या, तिसऱ्या आठवड्याअखेर त्या चार-पाचवर आल्या. मध्ये एक दिवसही खंड पडू देऊ नका.

हातमोजे घातल्याशिवाय वेचू नका. उंदरांच्या फुप्फुसात वाढणाऱ्या एका जंताच्या अळ्या या गोगलगायींच्या अंगात असू शकतात आणि तो जंत माणसाच्या मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचतो. त्याच कारणासाठी पालेभाज्या नीट धुवाव्यात आणि कुत्र्याला गोगलगाय तोंडात धरू देऊ नये. वेचलेल्या गोगलगायी आम्ही झाकणाच्या बादलीत, लिटरला ५० ग्रॅम मीठ घातलेल्या पाण्यात टाकतो, आणि मेल्यावर कुत्र्याला उकरता येणार नाही इतक्या खोल खड्ड्यात पुरतो. ती बादली मात्र उंचावर, झाकण घट्ट लावून ठेवावी, कारण खारट पाणी पोटभर प्यालेला कुत्राही आजारी पडतो.

अंड्यांकडे लक्ष दिले नाही तर वेचण्याचा उपयोग निम्मा राहतो. प्रत्येक आफ्रिकन गोगलगाय उभयलिंगी असल्यामुळे प्रत्येकच अंडी घालते आणि एका वेळी शंभराहून अधिक घालते. कुंड्यांखाली, विटांच्या आडोशाला, मोकळ्या मातीत इंचभर खोदले की पिवळसर साबुदाण्यासारखा पुंजका दिसतो. तो दिसला की तसाच उचलून त्या मिठाच्या पाण्यात टाकावा. आमच्याकडे सर्वांत जास्त पुंजके उसाच्या पाचटाखाली मिळाले. आच्छादन म्हणून पाचट उत्तमच, पण पावसाळ्यात तेच त्यांचे घर होते. म्हणून जून ते सप्टेंबर ते बागेतून काढून एका कोपऱ्यात रचावे, अशी माझी शिफारस आहे. पाऊस उघडला की झाडांना पाणी संध्याकाळऐवजी सकाळी घालावे, म्हणजे रात्री माती कोरडी राहते. एप्रिल-मे मध्ये त्या शंखाचे तोंड पापुद्र्याने बंद करून भिंतीच्या फटीत आणि दगडांखाली झोपलेल्या असतात. त्या दिवसांत एक रविवार देऊन त्या काढल्या, तर वळवानंतरचे काम पुष्कळ हलके होते.

तुम्ही हे वाचेपर्यंत तंबाखूचे आमिष ठेवून झाले असेल, तर आताच उठून सगळी भांडी मोजून आत घ्या, आणि फवारले असेल तर एक-दोन चांगले पाऊस पडेपर्यंत कुत्र्याला व मांजराला त्या बाजूला जाऊ देऊ नका. लाळ गळताना दिसली तर दूध, तूप, मीठ असे घरगुती काही न पाजता थेट दवाखाना गाठा आणि डॉक्टरांना फोनवर पहिला शब्द ‘तंबाखू’ हाच सांगा.