व्यापारी मार्ग खुले झाल्याने शेजाऱ्यांमधील वैर मिटते का?

युरोपचा दाखला देऊन आपण विचारले आहे की, भारत आणि पाकिस्तान यांच्यात सामायिक बाजारपेठ व मालवाहतुकीचे मार्ग उभे राहिले तर शांतता आपोआप येईल का. आपोआप मुळीच येत नाही. बेळगावच्या उद्यमबागेत माझे मशीनिंगचे वर्कशॉप आहे. कच्चे कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, कोल्हापूरजवळच्या शिरोलीहून येते आणि मशीनिंग झालेला माल तिकडेच परत जातो.

आमच्याकडे जेवढे आर्थिक एकत्रीकरण आहे तेवढे दोन शेजारी देशांच्या वाट्याला सहसा येत नाही. चलन एक, २०१७ पासून जीएसटी एक, कोगनोळीवरून जाणारा पुणे-बंगळूर महामार्ग एक. पूर्वी परराज्यातील विक्रीला सवलतीचा कर लागावा म्हणून लागणाऱ्या सी-फॉर्मसाठी पार्टीच्या मागे हेलपाटे घालावे लागत, तेही संपले. तरीही ६ डिसेंबर २०२२ रोजी बेळगाव कोणत्या राज्याचे हा महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्न तापला आणि हिरेबागेवाडीच्या टोल नाक्याजवळ महाराष्ट्र पासिंगच्या ट्रकांवर दगडफेक झाली. त्याच दिवशी पुण्यात कर्नाटकच्या बसगाड्यांना काळे फासले गेले, आणि लगोलग महाराष्ट्राच्या एसटीने इकडच्या फेऱ्या थांबवल्या.

त्या संध्याकाळी माझ्या व्हॉल्व्ह बॉडीच्या कास्टिंगने भरलेला एमएच-०९ पासिंगचा टेम्पो कागलला उभा राहिला. हिरेबागेवाडी बेळगावच्याही पलीकडे, धारवाडच्या वाटेवर आहे, आपला मार्ग तिथवर जातच नाही, हे मी ड्रायव्हरला फोनवर परोपरीने सांगितले. त्याचे म्हणणे एवढेच, की काच फुटली तर मालक ती माझ्या पगारातून कापेल. शेवटी येथून केए-२२ पासिंगचा टेम्पो पाठवला आणि रस्त्याच्या कडेला अंधारात हमालांकरवी सगळा माल इकडून तिकडे चढवला. मालासोबत लागणाऱ्या ऑनलाइन परवान्याच्या, म्हणजे ई-वे बिलाच्या, भाग-ब मध्ये गाडीचा नंबर मोबाईलवर क्षणात बदलता आला. हमाली, दुसरे भाडे आणि उशिरापोटी पार्टीने कापून घेतलेली रक्कम मात्र माझ्याच अंगावर पडली.

कोल्हापुरात राहणारे माझे दाजी प्रत्येक दिवाळीला मला सांगतात, की धंदा वाढू द्या, सीमावाद आपसूक विरून जाईल, १९५६ ची राज्य पुनर्रचना उगाळत बसू नका. ते बँकेतून निवृत्त झाले असून त्यांचा सगळा भर युरोपच्या उदाहरणावर असतो. पण ते उदाहरण ते अर्धेच सांगतात. १९५१ च्या पॅरिस कराराने फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली आणि बेनेलक्सचे तीन देश (बेल्जियम, नेदरलँड्स, लक्झेंबर्ग) यांनी कोळसा व पोलाद केवळ जकातमुक्त केले नाही. त्यांच्यावर देखरेख करणारे एक सामायिक उच्चाधिकारी मंडळ नेमले आणि त्याचे निर्णय सरकारांवर बंधनकारक ठरवले. नुसत्या व्यापाराने भागले असते तर १९१४ मध्ये एकमेकांचे मोठे गिऱ्हाईक असलेले ब्रिटन आणि जर्मनी लढलेच नसते.

काश्मीरमध्ये नेमके असे सामायिक मंडळच राहून गेले. ऑक्टोबर २००८ मध्ये उरी-मुझफ्फराबाद आणि पूंछ-रावळकोट या मार्गांवर नियंत्रण रेषेपलीकडचा व्यापार सुरू झाला. वस्तू २१, जकात शून्य, व्यवहार मालाच्या बदल्यात माल. पुलवामा हल्ल्यानंतर, एप्रिल २०१९ मध्ये, या मार्गांनी शस्त्रे, अमली पदार्थ आणि बनावट नोटा येत असल्याचे कारण देऊन भारताने तो थांबवला. ते कारण रास्त असेलही. परंतु जो मार्ग कोणतीही एक बाजू एका आदेशाने बंद करू शकते, त्याच्यावर शांततेचा भार टाकता येत नाही. म्हणून कोणत्याही कॉरिडॉरची घोषणा झाली की तो किती पदरी आहे हे पाहण्याआधी तो बंद करण्याचा अधिकार कोणाकडे आहे आणि बंद केल्याची भरपाई कोण देणार, हे पाहावे.

अर्थात, एका देशातील दोन राज्ये आणि दोन अण्वस्त्रधारी देश यांची बरोबरी होत नाही. आमच्या सीमाप्रश्नावरचा महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, तसे न्यायालय त्यांना नाही. शिवाय आमची वाहतूक पुन्हा सुरळीत झाली ती दोन्हीकडच्या कारखान्यांना एकमेकांवाचून चालत नाही म्हणूनच, एवढे श्रेय व्यापाराला द्यावेच लागेल. दाजींना मात्र मी विम्याचा कागद दाखवणार आहे: देशांतर्गत वाहतुकीच्या मूळ पॉलिसीत संप, दंगल आणि नागरी क्षोभ यांचे नुकसान धरलेले नसते, त्याचा हप्ता वेगळा भरावा लागतो, आणि मी तो अजूनही भरतो.