नाट्यपदाचं विश्लेषण करायचं तर सुरुवात कुठून करावी: शब्दांपासून की चालीपासून?

दोन्हींच्या आधी नाटकाची संहिता उघडा. पद कोण म्हणतंय, कुणाला, त्याच्या आधीचं वाक्य काय आणि पद संपल्यावर समोरचं पात्र काय बोलतं, एवढं टिपून घ्या. मैफलीतलं ध्वनिमुद्रण ऐकून लिहायला बसलं की हे सगळं निसटतं. जुन्या तबकड्यांच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटंच मिळत, त्यामुळे त्यांत कडवीही गाळलेली असतात.

मग शब्द. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'संगीत सौभद्र' (1882) मधलं 'प्रिये पहा' घ्या. कृष्ण रुक्मिणीला पहाट दाखवतो आहे. मात्रा मोजा, लघू (ऱ्हस्व) अक्षराची एक आणि गुरू (दीर्घ) अक्षराच्या दोन: 'थंडगार वात सुटत' 12, 'दीपतेज मंद होत' 12, 'दिग्वदनें स्वच्छ करित' 12, आणि 'अरुण पसरि निज महा' 11. पुढच्या कडव्यातही 'विकसन ये जलरुहा' 11 च भरतं. ही कमी पडणारी मात्रा शेवटच्या 'हा'वर थांबायला जागा देते. ध्रुवपदही 'हा'वरच संपतं, म्हणून कडव्यातून 'प्रिये पहा'वर परतताना सांधा जाणवत नाही. मोजताना जोडाक्षराच्या आधीचं अक्षर आघात येत असेल तर गुरू धरायला विसरू नका. 'स्वच्छ' दोन मात्रांचं मानलं की गणित बिघडतं.

मात्रांसोबत प्रतिमांचा क्रमही पाहा. आधी अंगाला लागणारा गार वारा, मग मंदावणारा दिवा, मग उजळणाऱ्या दिशा. दुसऱ्या कडव्यात पक्ष्यांचे आवाज. 'विरल पर्ण शाखि होति' ही ओळ मला फार आवडते: अंधारात एकसंध दिसणारं झाड उजाडताना पान-पान सुटं दिसू लागतं, असा तिचा अर्थ मी लावतो. खरोखर पहाट पाहिलेल्या माणसाचं हे निरीक्षण आहे. तिसऱ्या कडव्यात चित्र मागे पडतं आणि विश्वाच्या लयाचा, पुन्हा जागं होण्याचा विचार येतो.

आता चाल. पदाचा राग देसकार. नुसते सा रे ग प ध लिहून थांबलात तर हाती काही लागणार नाही, कारण भूपाचेही हेच पाच स्वर आहेत. भूपात गंधार (ग) वादी, म्हणजे सर्वांत महत्त्वाचा स्वर, देसकारात धैवत (ध). भूपाचं वजन पूर्वांगात, म्हणजे सप्तकाच्या खालच्या अर्ध्यात, देसकाराचं उत्तरांगात, म्हणजे वरच्या अर्ध्यात. भूप रात्रीचा, देसकार सकाळचा. म्हणजे शब्दांत जी वेळ आहे तीच रागात आहे, आणि ती कळते स्वर कुठे ठेवले आहेत त्यावरून. कोणत्या शब्दावर गायक धैवताला विसावतो, ते कागदावर शब्दाखाली खूण करून ठेवा. समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येणारा शब्दही असाच टिपा. सहा-सहा मात्रांचे शब्दगट तालाच्या ठेक्यात बसवताना कुठलं अक्षर लांबवलं, ते तिथेच दिसतं.

एक मोठी चूक इथे होते. 'हा स्वर दुःख दाखवण्यासाठी लांबवला' असं आपण झटकन लिहितो. किर्लोस्करांच्या काळात पुष्कळ पदं आधीच्या चालींवर बांधलेली असत. छापील संहितेत पदाच्या डोक्यावर 'चाल' म्हणून तसा उल्लेखही असतो. पुढे 'मानापमान' (1911) ला गोविंदराव टेंबे आणि 'स्वयंवर' (1916) ला भास्करबुवा बखले हे संगीतकार लाभले, तेव्हाही बंदिशी-ठुमऱ्यांचे साचे वापरले गेलेच. चाल आधीची असेल तर प्रश्न बदलतो: या प्रसंगाला हीच चाल का निवडली, आणि शब्द तिच्यात कुठे सहज बसले, कुठे ओढून बसवले? दीर्घ स्वरावर ऱ्हस्व अक्षर ताणलेलं दिसलं, किंवा शब्द मधेच तुटून सम पडली, की ती जागा नोंदवा.

शेवटी गायकी वेगळी काढा. ताना आणि आलाप गायकाचे, मूळ रचनेचे नव्हेत. दोन-तीन वेगवेगळ्या गायकांची ध्वनिमुद्रणं शेजारी ठेवून ऐका. सगळ्यांत सारखं राहतं ते बहुधा चालीचं, बाकीचं त्या त्या गायकाच्या नावावर लिहा.