डीकनची दीक्षा सहा महिन्यांवर आली आहे, तयारी काय करू?

तुमचा प्रश्न असा, की बी.डी. (धर्मशास्त्राची पदवी) संपत आलंय, सीएनआयमध्ये (चर्च ऑफ नॉर्थ इंडियात) डीकन म्हणून, म्हणजे पाळकपणाच्या पहिल्या पायरीवर, दीक्षा ठरलीय, मंडळी जुन्या अँग्लिकन (चर्च ऑफ इंग्लंडच्या) वळणाची मिळणार आहे. तर उरलेल्या महिन्यांत आणखी काय वाचू? आणि शेवटी हळूच लिहिलंय, की अभ्यासाने श्रद्धाच जरा डळमळलीय.

वाचन पुरे झालं. मला कमी पडली ती मराठी. इतकी वर्षं व्याख्यानं इंग्रजीत, पेपर इंग्रजीत, त्यात हिब्रूची रूपं. नगर जिल्ह्यातल्या एका गावात पहिला संदेश द्यायला उभा राहिलो आणि 'जस्टिफिकेशन' म्हणजे आपल्याकडे 'नीतिमान ठरणं' एवढं आठवेपर्यंत घशाला कोरड पडली. समोरच्या आज्ज्यांना तो शब्द लहानपणापासून पाठ. तेव्हा उपासनेचा विधी रोज उभं राहून मोठ्याने वाचा. बाप्तिस्मा, प्रभुभोजन, दफनविधी, सगळं. डीकनला प्रभुभोजनाचा विधी चालवता येत नाही हे खरं, पण वर्षभराने प्रेस्बिटर, म्हणजे पूर्ण पाळक, झालात की त्याच रविवारी वेदीमागे उभं राहायचंय. 'उपासना संगीत'मधली पन्नासेक गीतं चालीसकट यायला हवीत. पेटीवाला आजारी पडतो.

दफनविधी तर पाठच करा. माझा पहिला अंत्यविधी भर मे महिन्यातला. शवपेटी दोरांवर घेतली, खाली सोडायला लागले आणि ती मध्येच अडकली. खड्डा वीतभर आखूड खणला होता. पेटी परत वर घेतली, दोघं पोरं टिकाव घेऊन आत उतरली. जमीन मुरमाड. अर्धा तास गेला असेल. त्या अर्ध्या तासात पाळकाने काय बोलायचं, हे कुठल्याच पेपरला नव्हतं. मी पुनरुत्थानावर बोलायला सुरुवात केली, पाच मिनिटांत संपलो. मग मंडळीतले एक म्हातारे वडील म्हणाले, "पाळकसाहेब, बसा जरा." आम्ही मातीच्या ढिगाऱ्यावर बसलो. गेलेल्या माणसाची बहीण सांगायला लागली, की भाऊ विहिरी खणायचा, वाकडी विहीर त्याला खपायची नाही. कुणीतरी हसलं, मग तीही रडत रडत हसली. खड्डा झाला. पुस्तक उघडलं तर वाऱ्याने पान काही ठरेना, शेवटी मिटलं. "मातीस माती, राखेस राख, धुळीस धूळ" एवढं तोंडपाठ होतं, म्हणून निभावलं.

दुसरी गोष्ट स्तोत्रांची. कॉलेजात घंटा व्हायची, सगळे चॅपलला जायचे, आपणही जायचो. गावात तुमच्यासाठी घंटा कुणी वाजवणार नाही. जुन्या अँग्लिकन प्रार्थनापुस्तकात दीडशे स्तोत्रं तीस दिवसांत सकाळ-संध्याकाळ वाटून दिलेली आहेत. तीच विभागणी आतापासून धरा. पंधरा तारखेच्या संध्याकाळी ७८वं येतं, ७२ ओव्या, त्या दिवशी हमखास कंटाळा येतो. येऊ द्या.

मंडळीबद्दल एक सावधगिरी. सीएनआय २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात झाली, अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन, बाप्टिस्ट, मेथडिस्ट वगैरे सहा परंपरा एकत्र येऊन. कागदावर सगळं एक आहे, पण गुडघ्यांना जुनी सवय असते. एसपीजीच्या (अँग्लिकन मिशनच्या) जुन्या मंडळीत प्रभुभोजनाला लोक पुढे येऊन कठड्याशी गुडघे टेकतील, एकाच प्याल्यातून घेतील. अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीत बसल्या जागी छोटे पेले फिरायचे. बाळाचा बाप्तिस्मा आणि मोठेपणी कबुली देऊन घेतलेला, दोन्ही आपल्याकडे चालतात. पहिल्या वर्षी काहीही सुधारायला जाऊ नका. कोण कुठल्या बाकावर बसतं तेवढं बघा.

लग्नांचं आत्ताच वाचून ठेवा. १८७२चा ख्रिस्ती विवाह कायदा लग्न लावायला सकाळी सहा ते संध्याकाळी सातची वेळ देतो, बिशपांचा खास परवाना असेल तर गोष्ट वेगळी. वरात बँडपुढे नाचत साडेसहाला गल्लीच्या तोंडाशी असते, तेव्हा हे कलम फार जवळचं वाटतं.

आता त्या हळूच लिहिलेल्या वाक्याकडे. पुण्याच्या पंचहौद मिशनशी ज्यांचं नाव जोडलं जातं ते नीळकंठ (नेहेम्या) गोरे शास्त्री आठवा. बाप्तिस्मा १८४८चा, दीक्षा त्यानंतर साधारण वीस वर्षांनी. षड्दर्शनांवर वाद घालणारा माणूस, आणि शंकांनी त्यांना आयुष्यभर छळलं. तरी ते सेवेत राहिले, शेवटपर्यंत. पंडिता रमाबाईंशी त्यांनी धर्मावर पत्रव्यवहार केला तोही सेवेत असतानाच. शंका आहे म्हणून पाचारण खोटं, असं मला वाटत नाही. बिशपांना मात्र दीक्षेआधीच सांगा, दीक्षेनंतर नको. मी सांगितलं तेव्हा साहेबांनी चहा मागवला आणि म्हणाले, बरं झालं बोललास. पुढे बराच वेळ स्वतःबद्दलच बोलत राहिले.

राहिलं कपड्यांचं. झगा सुती कापडाचाच शिवा, टेरिकॉटमध्ये मे महिन्यात भाजून निघाल. शिंप्याला दोन महिने आधी द्या, त्याने असलं काही कधी शिवलेलं नसतं. स्टोल (झग्यावरचा लांब पट्टा) डीकनचा तिरका, डाव्या खांद्यावरून उजव्या कमरेकडे. दीक्षेच्या दिवशी तो बिशप आपल्याला घालतात, पुढच्या रविवारी आपला आपल्याला घालावा लागतो. मी उलटा घातला होता, आणि उपासना संपेपर्यंत मला कुणी सांगितलं नाही.