अंगावर पिताना बाळ लगेच दमतं

प्रश्न: माझ्या दोन महिन्यांच्या बाळाला डाउन सिंड्रोम आहे. पाच मिनिटं पितं नि झोपतं. दूध ओठांच्या कडेने गळतं. वजनही हळू वाढतंय. माझं दूध कमी पडतंय का?

उत्तर: एवढ्यावरून तसं ठरत नाही, आणि स्वतःला दोष तर मुळीच देऊ नका. या बाळांचे स्नायू सैल असतात, त्यामुळे ओठांची पकड सुटते. बाळाला आडवं न धरता जवळजवळ बसतं धरा. तळहात नि तीन बोटांनी स्तनाला खालून आधार द्या. अंगठा आणि तर्जनी मोकळी ठेवून त्यांच्या बेचक्यात बाळाची हनुवटी टेकवा आणि दोन्ही गाल हलकेच धरा. गळणं बरंच कमी होतं. बाळ रडून उठण्याची वाट पाहू नका, दर दोन-तीन तासांनी उठवून पाजा. उरलेलं दूध काढून वाटी-चमच्याने द्या, म्हणजे तुम्हाला दूध येणंही टिकून राहतं.

पिताना कपाळावर घाम येत असेल किंवा धाप लागत असेल, तर कारण हृदयात असू शकतं. अशा जवळपास निम्म्या बाळांना जन्मतः हृदयदोष असतो. टूडी एको (हृदयाची सोनोग्राफी) झाला नसेल तर लगेच करून घ्या. ओठ निळे पडले तर तडक रुग्णालय गाठा. थायरॉईडची तपासणी जन्मानंतर, 6 आणि 12 महिन्यांना, पुढे दरवर्षी हवीच.