रोख ८०,००० चा माग हप्त्यांवर ९२,००० ला विकला, तर इस्लाममध्ये ते व्याज ठरतं का?

बहुतेक फिकहपंडितांच्या (इस्लामी कायद्याच्या जाणकारांच्या) मते नाही, पण अटी आहेत. कुरआनात (२:२७५) व्यापार हलाल, रिबा (व्याज) हराम. बेळगावच्या वडगावातल्या विणकराला ८०,००० रोख देऊन ९२,००० परत घेतले, तर तो रिबा. विक्रेत्याने माग आधी स्वतः घेऊन ताब्यात ठेवला, तोवरच्या मोडतोडीची जोखीम पत्करली आणि किंमत-मुदत सौद्यातच पक्की केली, तर व्यापार. घोळ इथंच होतो: माग न घेताच नुसती पावती फिरवतात. हप्ता थकला म्हणून रक्कम वाढवली की पुन्हा रिबाच. अडलेल्याला सवड द्यायची (२:२८०). आणि विक्रेत्याने तोच माग विणकराकडून लगेच ८०,००० रोखीने परत घेणं ही उघड पळवाट. इस्लामी कायद्याचे हनफी, मालिकी, हंबली हे तीन पंथ ती नाकारतात.